स्थानिक संस्थांचा आर्थिक कारभार : पारख कशी करावी?

लोकशाही विकेंद्रीकरणाच्या इतिहासात सातारा व सांगली या जिल्ह्यांना आगळे स्थान आहे. १९३९ साली औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी महात्मा गांधींच्या मार्गदर्शनाने प्रजेला स्वराज्याची घटना दिली आणि गावचा कारभार पंचायतींच्या हाती सोपविला. त्या संस्थानातील औंध आज सातारा जिल्ह्यात, तर आटपाडी व कुंडल सांगली जिल्ह्यात आहेत. पुढे कराडचे यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, वसंतराव नाईक समितीच्या अहवालानंतर, १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम संमत झाला. १ मे १९६२ रोजी राज्यात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या.

शाळा, आरोग्य केंद्रे, रस्ते, पिण्याचे पाणी अशी कामे या संस्थांकडे आली आणि त्यांच्याबरोबर पैसाही आला. हा पैसा नीट वापरला जातो किंवा नाही, हे ओळखावयाचे कसे? अपहार झाला नाही एवढ्यावरून कारभार चांगला ठरत नाही. जागतिक बँक, आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आदींनी २००१ साली सुरू केलेल्या कार्यक्रमात शासनसंस्थांच्या आर्थिक व्यवस्थेची अशी पारख निकष लावून केली जाते. अंदाजपत्रकाची विश्वासार्हता, पारदर्शकता, खर्चावरील नियंत्रण, हिशेब व लेखापरीक्षा हे त्यांतील प्रमुख निकष. आपल्या पंचायतीतही ते लावता येतात. त्यासाठी लागणारी कागदपत्रे दप्तरात असतातच.

अंदाज आणि प्रत्यक्ष

पहिली कसोटी अंदाजपत्रकाची. मंजूर अंदाजपत्रक आणि वर्षअखेरचा प्रत्यक्ष जमाखर्च शेजारीशेजारी ठेवून पाहावेत. जमेचे आकडे फुगवून कामे मंजूर केली, तर कामे अर्धवट राहतात. वर्षभर निधी पडून राहून मार्चमध्ये घाईने खर्च झाला, तर नियोजन कच्चे होते असे समजावे. मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी १५ टक्के व महिला-बालकल्याणासाठी १० टक्के राखून ठेवलेली रक्कम खरोखर त्याच कारणासाठी खर्ची पडली काय, हेही येथेच कळते.

मागणी आणि वसुली

ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये कर आकारणी, तर नमुना ९ मध्ये कराची मागणी नोंदविलेली असते. मागणीशी वसुलीचे प्रमाण काढणे ही दुसरी कसोटी होय. समजा, एका गावाची मागणी थकबाकीसह ४ लाख रुपये आहे आणि वसुली २ लाख ८० हजार झाली. म्हणजे ७० टक्के. हे प्रमाण मागील तीन वर्षांशी ताडून पाहिले म्हणजे कारभाराची दिशा समजते.

येथे रकमेपेक्षा प्रमाण महत्त्वाचे मानावे. कृष्णाकाठच्या वाळवा, कराडकडील बागायती गावाचे उत्पन्न आणि माण, जत या अवर्षणप्रवण तालुक्यांतील गावाचे उत्पन्न सारखे असणार नाही. कमी उत्पन्नाची पंचायत चोख असू शकते आणि सधन पंचायत गाफील.

आक्षेप आणि अनुपालन

तिसरी कसोटी लेखापरीक्षेची. १९३० च्या कायद्यान्वये स्थानिक निधी लेखापरीक्षा केली जाते आणि विधिमंडळाची पंचायत राज समिती जिल्हा परिषदांच्या अहवालांवर अधिकाऱ्यांची साक्ष घेते. परंतु अहवाल आला म्हणजे काम संपले, असे नव्हे. किती आक्षेप निकाली निघाले, किती जुने तसेच राहिले आणि तोच आक्षेप पुन्हा आला काय, हे पाहिले पाहिजे. व्हाउचर जोडलेले नाही हा आक्षेप किरकोळ वाटतो. पण तो दरवर्षी येत असेल, तर दोष एका कागदाचा नसून पद्धतीचा आहे.

विलंबाचाही प्रत्यक्ष फटका बसतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळातील अनुदानासाठी हिशेब व लेखापरीक्षित लेखे ऑनलाइन उपलब्ध असण्याची अट घातली होती. हिशेब रखडला की नळाचे पाणी व स्वच्छता यांचा पैसाही अडतो.

प्रश्न विचारणारे सदस्य

मार्च २०२२ मध्ये सातारा व सांगली जिल्हा परिषदांची मुदत संपून कारभार प्रशासकांकडे गेला. हिशेब लिहिले जात होते. मात्र सभागृहात त्यांवर प्रश्न विचारणारे लोकप्रतिनिधी नव्हते. लेखापरीक्षक झालेल्या खर्चाची तपासणी करतो, तर सदस्य खर्च होण्यापूर्वीच विचारणा करू शकतो. एकाची जागा दुसरा भरून काढू शकत नाही.

म्हणून प्रत्येक सदस्याने सभेपूर्वी तीन आकडे टिपून घ्यावेत : अंदाजाच्या तुलनेत झालेला खर्च, मागणीच्या तुलनेत झालेली वसुली आणि प्रलंबित आक्षेपांची संख्या. ग्रामसेवकांनी हेच आकडे सूचना फलकावर लावावेत. शिक्षकांनी ते ग्रामस्थांना समजावून सांगितल्यास ग्रामसभेतील चर्चेला नेमकेपणा येईल. अधिक अधिकार व अधिक निधी मिळावा ही स्थानिक संस्थांची मागणी जुनी आहे आणि रास्तही आहे. सांगलीचे प्राचार्य पी. बी. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८६ साली पंचायत राज्य बळकट करण्याच्या शिफारशी केल्या होत्या. त्या मागणीला सर्वांत भक्कम आधार कोणता असेल, तर वेळेवर लिहिलेला आणि सर्वांना वाचता येणारा हिशेब.