संगणकाचा चेसिस नंबर

संगणकाला नेटवर्कशी जोडणाऱ्या प्रत्येक भागाला, मग ते तारेचे ईथरनेट कार्ड असो की वायफायची चिप, कारखान्यातच एक क्रमांक दिलेला असतो. पाठ्यपुस्तकांत त्याला हार्डवेअर पत्ता किंवा फिजिकल अ‍ॅड्रेस म्हणतात. दुरुस्तीच्या दुकानात आणि ऑफिसात मात्र सगळे ‘मॅक आयडी’च म्हणतात. मॅक हे ‘मीडिया अ‍ॅक्सेस कंट्रोल’ या शब्दांचे लघुरूप आहे. अ‍ॅपलच्या मॅक संगणकाशी त्याचा संबंध नाही.

कोल्हापुरात नोंदलेल्या गाडीवर एमएच-०९ ची पाटी असते. तीच गाडी बेळगावात विकली आणि तिथे नव्याने नोंदली, की पाटी बदलते. चेसिसवर ठोकलेला नंबर मात्र तोच राहतो. आयपी पत्ता हा पाटीसारखा आहे. संगणक ज्या नेटवर्कात जाईल ते नेटवर्क त्याला आयपी पत्ता देते, म्हणून घरी एक, कॉलेजात दुसरा. मॅक आयडी हा चेसिस नंबर. तो यंत्राबरोबर फिरतो.

दोन्ही पत्ते लागतात, कारण दोघांची कामे वेगळी आहेत. आयपी पत्ता लांबच्या प्रवासासाठी असतो, तर मॅक आयडी एकाच नेटवर्कातल्या शेवटच्या टप्प्यासाठी. घरातल्या राउटरपर्यंत आलेली माहिती नेमक्या कोणत्या लॅपटॉपला द्यायची, हे ठरवताना राउटर सगळ्यांना मिळून विचारतो, ‘हा आयपी पत्ता कोणाचा?’ ज्याचा असेल तो आपला मॅक आयडी कळवतो. या विचारपुशीची पद्धत १९८२ मध्ये ठरली. तिचे नाव एआरपी. राउटरच्या पलीकडे मॅक आयडी जात नाही. दूरच्या संकेतस्थळाला तो दिसत नाही, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

या क्रमांकाच्या घडणीत महाराष्ट्रात शिकलेल्या एका अभियंत्याचा मोठा वाटा आहे, आणि तो आपल्याकडे फारसा कोणाला ठाऊक नाही, हे खटकते. १९७३ मध्ये अमेरिकेतील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी ईथरनेटची कल्पना मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्यासह ती उभी केली. त्या प्रायोगिक ईथरनेटमध्ये पत्ता अवघा आठ बिटांचा होता, म्हणजे जास्तीत जास्त २५६ क्रमांक. एका इमारतीला ते पुरले असते, जगाला नाही. पवईच्या आयआयटीतून १९७२ मध्ये पदवी घेऊन स्टॅनफर्डला गेलेले योगेन दलाल पुढे झेरॉक्समध्ये दाखल झाले. त्याआधी, १९७४ मध्ये, व्हिंट सर्फ आणि कार्ल सनशाइन यांच्यासह टीसीपी या इंटरनेटच्या पायाभूत नियमावलीचा पहिला तपशीलवार आराखडा लिहिणाऱ्या तिघांपैकी ते एक होते. दलाल आणि रॉबर्ट प्रिंटिस यांनी १९८१ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचा मुद्दा असा होता, की यंत्राचा क्रमांक त्याच्या नेटवर्कावर अवलंबून ठेवू नये. तो स्वतंत्र, जगात एकमेव आणि ४८ बिटांचा असावा. डेक, इंटेल आणि झेरॉक्स या कंपन्यांनी १९८० मध्ये जाहीर केलेल्या ईथरनेट मानकात हीच लांबी होती. आजही तीच आहे.

४८ बिटांत सुमारे २८१ लाख कोटी क्रमांक मावतात. त्यांची वाटणी साधी आहे. पहिले २४ बिट कंपनीचे, उरलेले २४ त्या यंत्राचे. कंपनीचा भाग आधी झेरॉक्स देत असे, नंतर ते काम अमेरिकेतील आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेकडे गेले. एका गटात १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ यंत्रे बसतात, त्यामुळे मोठ्या कंपन्यांकडे असे अनेक गट असतात. सगळी शून्ये असलेला पहिला गट आजही झेरॉक्सच्याच नावावर आहे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील फौंड्रीत ओतलेल्या कास्टिंगवर कारखान्याची खूण असते, तसाच हा पहिला भाग. त्यावरून कार्ड कोणी बनवले ते कळते. ते यंत्र कोठे आहे किंवा कोण वापरते, हे मात्र कळत नाही.

लिहिताना हा क्रमांक बारा अक्षरांत, दोन-दोनच्या सहा जोड्यांत मांडतात. उदाहरणार्थ ००-००-५ई-००-५३-२सी. हा गट पुस्तकांतील उदाहरणांसाठीच राखून ठेवलेला आहे. यात शून्य ते नऊ अंक आणि रोमन लिपीतील ए ते एफ एवढीच अक्षरे येतात. ‘ओ’ हे अक्षर कधीच नसते. त्यामुळे कागदावर गोल चिन्ह दिसले, की ते शून्यच समजावे. आठ आणि ‘बी’ यांची गल्लत मात्र नेहमी होते. फोनवरून क्रमांक सांगताना तेवढे दोनदा तपासावे. विंडोजमध्ये जोड्यांमध्ये आडवी रेघ असते, लिनक्समध्ये दोन ठिपके. क्रमांक तोच.

विंडोजवर तो शोधायला अर्धे मिनिट पुरते. स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ टाइप करून काळी खिडकी उघडायची आणि आज्ञा द्यायची. ‘आयपीकॉन्फिग’ हा शब्द रोमन लिपीत सलग, मग एक जागा, मग तिरकी रेघ आणि तिला लागून ‘ऑल’. येणाऱ्या लांब यादीत ‘फिजिकल अ‍ॅड्रेस’ या शब्दांपुढे क्रमांक दिसतो. आणखी सोपी आज्ञा ‘गेटमॅक’. तिला तिरकी रेघ आणि ‘व्ही’ जोडले, तर कोणता क्रमांक कोणत्या जोडणीचा हेही कळते. लिनक्सवर ‘आयपी लिंक’ ही आज्ञा चालते आणि क्रमांक ‘लिंक/ईथर’ या शब्दांपुढे असतो. आयफोनवर सेटिंग्जमधील ‘जनरल’ आणि ‘अबाउट’ या पानावर ‘वायफाय अ‍ॅड्रेस’ दिसतो, अँड्रॉइडवर बहुधा ‘अबाउट फोन’मध्ये. यंत्र सुरूच होत नसेल, तर लॅपटॉपच्या तळाचे किंवा खोक्यावरचे लेबल पाहावे. राउटरच्या तळाशी तर तो हमखास छापलेला असतो.

खरी चूक क्रमांक शोधण्यात होत नाही, निवडण्यात होते. एका लॅपटॉपला ईथरनेटचा एक, वायफायचा दुसरा, ब्लूटूथचा तिसरा असे क्रमांक असतात. व्हर्च्युअल मशीन किंवा व्हीपीएनचे सॉफ्टवेअर असेल, तर त्यांचेही कृत्रिम क्रमांक यादीत येतात. वसतिगृहाच्या अर्जात ईथरनेटचा क्रमांक लिहिला आणि जोडणी वायफायची असली, तर नेटवर्क त्या यंत्राला ओळखणार नाही. म्हणून आधी विचारावे, जोडणी तारेची की बिनतारी?

कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींमध्ये या क्रमांकाला पैशाचे मोल आहे. आरेखन आणि यंत्रकामासाठी लागणाऱ्या अनेक महागड्या सॉफ्टवेअरचे लायसन्स सर्व्हरच्या मॅक आयडीला बांधलेले असते. वळवाच्या पावसात वीज कडाडते, लॅन पोर्ट जळतो आणि तंत्रज्ञ नवे कार्ड बसवून देतो. नेटवर्क सुरू होते, पण सॉफ्टवेअर उघडत नाही, कारण नव्या कार्डाचा क्रमांक नवा. जुना क्रमांक नोंदवून ठेवलेला असेल, तर कंपनीकडून लायसन्स बदलून घेणे सोपे जाते. काही ब्रॉडबँड चालकही जोडणी राउटरच्या मॅक आयडीला बांधतात. अशा ठिकाणी राउटर बदलला, की आधी चालकाला फोन करावा लागतो.

फोनच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत चित्र बदलले. कायमचा क्रमांक सगळीकडे दिसला, तर दुकानातला किंवा विमानतळावरचा वायफाय एकाच माणसाच्या फेऱ्या मोजू शकतो. हे टाळण्यासाठी २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला एक बनावट क्रमांक दाखवतो. तो ओळखता येतो. दुसरे अक्षर दोन, सहा, ‘ए’ किंवा ‘ई’ असेल, तर क्रमांक कारखान्याचा नसून सॉफ्टवेअरने ठरवलेला असतो. ऑफिसच्या वायफायला नोंदणी हवी असेल, तर त्या नेटवर्कापुरती ही सोय बंद करावी लागते.

जो क्रमांक सॉफ्टवेअर बदलू शकते, तो एकटाच गुन्ह्याचा पुरावा म्हणून उभा करता येत नाही. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादच्या स्फोटांआधी काही मिनिटे आलेल्या धमकीच्या ई-मेलचा माग तपास यंत्रणांना नवी मुंबईच्या सानपाड्यातील एका सदनिकेपर्यंत घेऊन गेला. आयपी पत्ता तिथल्या जोडणीचा होता, पण तिचे वायफाय उघडे होते आणि ते बाहेरच्यांनी वापरले होते. आयपी पत्त्याने घर दाखवले. कोणता लॅपटॉप, हे फार तर त्या राउटरच्या नोंदीतल्या मॅक आयडीवरून कळू शकते, कारण हा क्रमांक तिथून पुढे जातच नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने ग्राहकांचे वायफाय सुरक्षित करण्याबाबत इंटरनेट पुरवठादारांना सूचना दिल्या.

अनेक जण घरच्या राउटरमध्ये ठरावीक मॅक आयडींनाच प्रवेश देऊन निश्चिंत होतात. ते कुलूप कच्चे आहे. वायफायच्या लहरींत मॅक आयडी उघडाच फिरतो, जवळचा कोणीही तो ऐकून स्वतःच्या यंत्राला लावू शकतो. राउटरमध्ये डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ ही सुरक्षा पद्धत निवडून लांब पासवर्ड ठेवणे, हेच खरे कुलूप.

हरवलेला मोबाइल त्याच्या आयएमईआय क्रमांकावरून अडवण्याची सरकारी सोय देशात आहे. चोरीला गेलेल्या लॅपटॉपच्या मॅक आयडीसाठी तशी सोय नाही. म्हणून लॅपटॉपच्या बिलाच्या मागे वायफाय आणि ईथरनेट असे दोन्ही क्रमांक आणि यंत्राचा सीरियल नंबर आजच लिहून ठेवावा.