तपासणीला न दिसणारा भाग

सैन्यभरतीची तयारी करणारे दोन-चार विद्यार्थी बहुतेक प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात असतात. पहाटे उठून सोळाशे मीटर धावायचे, पुल-अप्स काढायचे, छाती फुगवून मोजून घ्यायची, असा त्यांचा क्रम चालू असतो. ट्रॉम्बे, मानखुर्द, चेंबूरच्या वस्त्यांतील मुलेही यात मागे नाहीत. लेखी परीक्षा आणि धाव पार पडली की वैद्यकीय तपासणी येते आणि तेथे पूर्वीच्या आजारांची चौकशी होते. कधी फिट आली होती का? दम्याचा त्रास होता का? एखादी शस्त्रक्रिया झाली आहे का? ज्याचे उत्तर ‘होय’ असते त्याला मित्र, नातेवाईक, कधी क्लासवालेसुद्धा सल्ला देतात, ‘नाही म्हणून मोकळा हो. डॉक्टरांना काय सापडणार आहे?’

या सल्ल्यातील दुसरे वाक्य शास्त्रीयदृष्ट्या बरेचसे खरे आहे. नेमके त्यामुळेच पहिले वाक्य धोक्याचे ठरते. ते कसे, हे पाहू या.

एका दिवसाची तपासणी

उंची, वजन, दृष्टी, सपाट तळपाय, कानाचा पडदा या गोष्टी तपासणीच्या दिवशी डॉक्टरांच्या समोर असतात. त्या मोजता येतात. पण काही आजार अधूनमधून प्रकट होतात आणि मधल्या काळात शरीर अगदी निरोगी दिसते. दम्याच्या रुग्णाने दोन झटक्यांच्या मधल्या काळात फुंकून दाखवले, तर फुफ्फुसांची चाचणी साफ येऊ शकते. अपस्मारात मेंदूचा विद्युत आलेख काढतात. पण अपस्मार असलेल्या सुमारे निम्म्या रुग्णांच्या पहिल्या आलेखात विशेष काही आढळत नाही. म्हणजे आलेख चांगला आला, एवढ्यावरून आजार नाही असे म्हणता येत नाही. म्हणूनच अपस्माराचे निदान करताना डॉक्टरांचा मुख्य आधार असतो तो रुग्णाने आणि झटका पाहणाऱ्याने सांगितलेली हकीकत.

आजाराचा पूर्वेतिहास हे एक मोजमापच आहे. ते घेण्याचे उपकरण मात्र डॉक्टरांकडे नसते, उमेदवाराकडे असते.

ट्रॉम्बेचा बिल्ला

आमच्याकडे ट्रॉम्बेला हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. किरणोत्सर्गाजवळ काम करणाऱ्याच्या छातीवर एक छोटा बिल्ला असतो. त्यात डिस्प्रोसियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. किरणोत्सर्गाची काही ऊर्जा चकतीत साठून राहते. चकती तापवली की ती प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते आणि त्या प्रकाशावरून मात्रा ठरवतात. आपल्या देशात अशा कामगाराला सलग पाच वर्षांत सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट अशी मर्यादा आहे.

चकती तापवून वाचता येते, माणूस वाचता येत नाही! वर्षभरात पाच-दहा मिलिसिव्हर्ट मात्रा मिळालेल्या माणसाचे रक्त नेहमीच्या पद्धतीने तपासले तर त्यात काही दिसत नाही. त्यामुळे आधी दुसरीकडे असे काम केले असेल तर ते कामगाराने स्वतः सांगावे, अशी जबाबदारी २००४ च्या किरणोत्सर्ग संरक्षण नियमांनी त्याच्यावर टाकली आहे. मागचा आकडा लपवला तर पुढची सगळी बेरीज चुकते. सैनिकाच्या बाबतीतही असेच घडते.

लपवलेला आजार पुढे काय करतो?

प्रशिक्षणात आणि पहाऱ्यावर झोप अपुरी होते. अपुरी झोप हे अपस्माराचा झटका येण्याचे एक प्रमुख निमित्त आहे. शिवाय आजार लपवायचा तर औषधही लपवावे लागते किंवा सोडून द्यावे लागते. अपस्माराचे औषध एकदम बंद केले तर लागोपाठ झटके येऊन प्राणावर बेतू शकते. दम्याचेही तसेच आहे. उंचावरची थंड, कोरडी हवा आणि श्रम यांनी श्वासनलिका आक्रसतात. अशा वेळी त्या जवानाच्या हातात भरलेली बंदूक किंवा ट्रकचे चाक असेल, तर धोका त्याच्या सोबत्यांनाही असतो.

खरी माहिती मिळाल्याने काय साधते, याचे एक उदाहरण सिकलसेलचे आहे. विदर्भात आणि नंदुरबार भागात या जनुकाचे वाहक बरेच आढळतात. वाहकाला हा आजार नसतो, तो एरवी निरोगी असतो. अमेरिकेत १९७७ ते १९८१ या काळातील सुमारे वीस लाख नव्या सैनिकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कृष्णवर्णीय वाहकांमध्ये प्रशिक्षणातील आकस्मिक, अन्य कारण न सापडलेल्या मृत्यूचे प्रमाण वाहक नसलेल्या कृष्णवर्णीयांच्या सुमारे २८ पट आढळले. पुढे उन्हातील श्रम, पाणी आणि विश्रांती यांबाबतची दक्षता वाढली. २०११ ते २०१४ या काळातील सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांच्या अभ्यासात वाहकांचा मृत्युदर जास्त आढळला नाही. श्रमाने स्नायू झिजण्याचा धोका मात्र दीडपट होता. नोंद होती म्हणून धोका कळला, आणि कळला म्हणून त्यावर उपाय शोधता आला.

‘झटका आला होता’ म्हणजे नेमके काय?

खरे सांगायचे म्हणजे नुसते ‘होय’ म्हणून थांबायचे नाही. सहा महिने ते पाच वर्षे या वयात शंभरातील दोन ते पाच मुलांना तापात झटका येतो. त्यांतील बहुतेकांना पुढे अपस्मार होत नाही. वयाच्या दुसऱ्या वर्षी तापात एकदा आलेला झटका आणि पंधराव्या वर्षी तापाशिवाय आलेले तीन झटके यांत फार अंतर आहे. वय, ताप, किती वेळ, किती वेळा, कोणते औषध आणि कधीपर्यंत, हे कागदपत्रांसह सांगितले तरच डॉक्टरांना तो फरक करता येतो. अंतिम निर्णय अर्थात त्यांचा.

कायद्याची बाजू

१९५० च्या सेना अधिनियमातील कलम ४४ नुसार भरतीच्या फॉर्ममधील प्रश्नाला जाणूनबुजून खोटे उत्तर दिल्यास पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पण शिक्षेपेक्षा आम्हांला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. प्रवेशाच्या वेळी ज्या आजाराची नोंद नाही तो सेवेतच उद्भवला असे मानावे, असे १९८२ चे अपंगत्व निवृत्तिवेतनाचे नियम सांगत. फिट येऊ लागल्यामुळे सेवामुक्त झालेल्या एका शिपायाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली याच आधारावर त्याच्या बाजूने निकाल दिला. (२०२३ साली नवे नियम आले.) हा सारा दिलासा प्रवेशाच्या नोंदीवरील विश्वासावर उभा होता. खोट्या नोंदी वाढल्या की ज्याचा आजार खरोखरच सेवेत जडला, त्याच्याकडेही संशयाने पाहिले जाते.

शिक्षकांना काय करता येईल?

खरे सांगितल्याने काहींची संधी हुकते, हे आपण विद्यार्थ्यांपासून लपवू नये. अपस्मार असेल तर सैन्याचा मार्ग बहुधा बंद होतो. पण ते अठराव्या वर्षी, दोन वर्षे धावून झाल्यावर कळण्यापेक्षा नववी-दहावीतच कळलेले बरे. रंगांधळेपणाची चाचणी शाळेतही करून घेता येते. तपासणीत निघणारे सगळेच दोष कायमचे नसतात. काहींना ‘तात्पुरता अपात्र’ असा शेरा मिळतो आणि उपचार करून पुन्हा तपासणीला जाता येते. पालकांना बोलावून लहानपणीच्या आजारांचे कागद एका फायलीत लावायला सांगावे. आणि ‘फिट येणारा’ म्हणून वर्गात कोणाला चिडवले जात असेल तर ते आधी थांबवावे. आजार सांगितल्यावर हसे होते, हे जो मुलगा शाळेतच शिकतो, तो भरतीच्या टेबलासमोर खरे बोलेल अशी अपेक्षा कशी करायची?