चेहरा वाचता येत नसेल, तर बोलून सांगा

समजा, होटगीतले एक घर. आई दिवसभर राबून संध्याकाळी परतते. भाकरी थापताना कपाळाला आठ्या असतात. कोपऱ्यात बसलेला तरुण मुलगा एकदम विचारतो, "माझ्यावर का चिडलीस?" आई म्हणते, "अरे, मी कुठं काय बोलले?" त्याला पटत नाही. तो न जेवताच उठतो. दुसऱ्या दिवशी आई रडत असते, तर हा शेजारून मुकाट निघून जातो. लोक म्हणतात, "पोरगं निर्दय झालं." कुणी बाहेरची बाधा सांगून अंगारा सुचवतो.

बंधू-भगिनींनो, बाधा तर नव्हेच. हा निर्दयपणाही नसेल. स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता, या आजारातले भास आणि संशय आपण ऐकून असतो. परंतु समोरच्याच्या चेहऱ्यावरचे भाव ओळखणेही यात अनेकांना जड जाते. आनंद बहुधा कळतो. भीती, राग, दुःख यांत गल्लत होते. साधा चेहराही रागावलेला वाटतो. नजरेचा माग घेतला असता असे रुग्ण समोरच्याच्या डोळ्यांकडे व तोंडाकडे कमी पाहतात, असे अभ्यासकांना आढळले. भाव तर तिथेच उमटतात! बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतील डॉक्टरांनी भारतीय चेहऱ्यांची छायाचित्रे व चित्रफिती घेऊन यासाठी खास चाचणी तयार केली; ती २००८ साली प्रसिद्ध झाली.

औषधांनी भास व संशय कमी होतात. ही अडचण मात्र पुष्कळदा उरते. सरावाने ती काहीशी सुधारते. घरच्यांनी एवढे करावे : मनातले शब्दांत सांगावे. "मी दमलेय रे, तुझ्यावर रागावले नाही." उजेडात, समोर बसून, एका वेळी एकानेच बोलावे. टोमणे टाळावेत. त्याचाही चेहरा कोरा दिसू शकतो. म्हणून आत काहीच नाही असे समजू नये. त्याला विचारावे.

केवळ अशा वागण्यावरून आजार ठरत नाही. निदान मनोविकारतज्ज्ञांनीच करावे. होटगीकरांना सोलापूरचे सिव्हिल जवळ आहे. २०२२ साली सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे व तिथे मराठीत बोलता येते. औषधे मनाने बंद करू नयेत.

आईच्या आठ्या त्याला वाचता येत नसतील. पण आईने सांगितलेले तो ऐकू शकतो.