पाच मिलिग्रॅमचा प्रवास

कोरोना विषाणूच्या पृष्ठभागावरचे स्पाइक प्रथिन १२७३ अमिनो आम्लांचे असते. आपल्या टी-पेशी त्यातला नेमका कोणता भाग ओळखतात हे शोधायचे असले, की संशोधक त्या प्रथिनाचे पंधरा-पंधरा आम्लांचे तुकडे मागवतात. प्रत्येक तुकड्यातली अकरा आम्ले आधीच्या तुकड्याशी जुळती ठेवली, तर असे ३१५ तुकडे होतात. हे तुकडे म्हणजे पेप्टाइडे. ती विषाणूपासून काढलेली नसतात. कारखान्यात एकेक आम्ल जोडून ती घडवली जातात. त्यामुळे जिवंत विषाणूला हातही न लावता त्याच्याविषयीचा प्रयोग पार पडतो.

मधुमेह, कर्करोग, अल्झायमर अशा कितीतरी विषयांवर काम करणाऱ्या युरोपातल्या प्रयोगशाळा अशी पेप्टाइडे सतत मागवत असतात. मागणी सहसा पाच-दहा मिलिग्रॅमची. कुपी हातात घेतली तर तळाशी पांढरा पापुद्रा दिसतो, कधी तोही दिसत नाही. तीस आम्लांच्या पेप्टाइडाच्या एका मिलिग्रॅमात सुमारे अठरा कोटी अब्ज रेणू असतात, पण ते कोणते आहेत हे जगातला कुठलाही तज्ज्ञ नुसते पाहून सांगू शकणार नाही. नजरेला अजिबात न कळणारी वस्तू तिच्या खात्रीलायक ओळखीसकट हजारो किलोमीटर दूर पोहोचवायची, हे या व्यवहारातले खरे आश्चर्य आहे.

या रसायनशास्त्राचा उगम युरोपातलाच. बर्लिनमध्ये एमिल फिशर यांनी १९०१ साली दोन ग्लायसीन जोडून सर्वांत साधे पेप्टाइड तयार केले आणि १९०७पर्यंत अठरा आम्लांच्या साखळीपर्यंत मजल मारली. पुढे ड्रेस्डेनमध्ये माक्स बेर्गमान आणि लेओनिदास झेर्वास यांनी १९३२मध्ये आम्लाचे एक टोक तात्पुरते झाकून ठेवण्याची युक्ती शोधली, म्हणजे जोड हवी तिथेच बसते. अमेरिकेत व्हिन्सेंट डू व्हिन्यो यांनी १९५३ साली ऑक्सिटोसिन हे नऊ आम्लांचे संप्रेरक प्रयोगशाळेत घडवले आणि दोनच वर्षांनी त्यांना नोबेल मिळाले. नऊ आम्लांसाठी नोबेल! त्या काळी प्रत्येक जोडणीनंतर पदार्थ वेगळा काढून शुद्ध करावा लागे आणि प्रत्येक वेळी थोडा माल हातचा जाई, हे लक्षात घेतले की त्या सन्मानाचे मोल कळते.

चित्र पालटले ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतल्या ब्रूस मेरिफील्ड यांच्यामुळे. साखळीचे पहिले आम्ल प्लास्टिकसारख्या रेझिनच्या बारीक मण्याला घट्ट बांधायचे, मग पुढचे आम्ल जोडायचे. उरलेसुरले सगळे धुऊन टाकायचे, साखळी मण्यालाच चिकटून राहते. हा शोधनिबंध १९६३चा. १९६९मध्ये मेरिफील्ड आणि बेर्न्ड गुटे यांनी याच पद्धतीने १२४ आम्लांचे रायबोन्यूक्लिएझ-ए हे विकर बनवले. त्यासाठी ३६९ रासायनिक अभिक्रिया आणि यंत्राच्या ११,९३१ क्रिया लागल्या. आज युरोपातले कारखाने बहुधा एफमॉक हा सौम्य संरक्षक गट वापरतात. तो लुई कार्पिनो आणि ग्रेस हान यांनी १९७०मध्ये पुढे आणला.

इतके साधले तरी गणित कठोरच राहते. प्रत्येक जोडणी ९९ टक्के यशस्वी झाली असे धरा. तीस आम्लांच्या साखळीत २९ जोडण्या असतात, म्हणजे अखेरीस पूर्ण साखळ्या ७५ टक्क्यांच्या आसपास. यश ९५ टक्के असेल, तर पूर्ण साखळ्या २३ टक्क्यांवर येतात. उरलेल्या साखळ्यांत कुठेतरी एखादे आम्ल गळालेले असते, आणि त्या मूळ पेप्टाइडासारख्याच दिसतात, बऱ्याचदा वागतातही. त्यांना वेगळे करण्यासाठी मिश्रण क्रोमॅटोग्राफीच्या स्तंभातून जाऊ द्यावे लागते आणि मग मास स्पेक्ट्रोमीटरवर रेणूचे वस्तुमान तपासावे लागते. माझ्या मते पेप्टाइडाच्या किमतीत जोडणीपेक्षा या निवडीचे मोल जास्त धरायला हवे.

या तपासणीचे फलित म्हणजे कुपीसोबत येणारे विश्लेषण प्रमाणपत्र. ते नीट वाचायला प्रत्येक विद्यार्थ्याने शिकलेच पाहिजे. ‘शुद्धता ९८ टक्के’ याचा अर्थ कुपीतल्या पेप्टाइडांपैकी ९८ टक्के योग्य आहेत, एवढाच. पुडीच्या वजनात पाणी असते, शुद्धीकरणात आलेल्या ट्रायफ्लुओरोअॅसेटिक आम्लाचे क्षारही असतात. म्हणून पाच मिलिग्रॅम पुडीत प्रत्यक्ष पेप्टाइड साडेतीन मिलिग्रॅमच असू शकते. हा आकडा प्रमाणपत्रावर वेगळा लिहिलेला असतो, किंवा मागितला तर मिळतो. तो न पाहता द्रावण केले तर सगळ्या मात्रा तीस टक्क्यांनी चुकतात. शिवाय हे ट्रायफ्लुओरोअॅसेटेट पेशींवर परिणाम करू शकते, म्हणून पेशींच्या प्रयोगांसाठी अॅसेटेट किंवा क्लोराइड क्षार मागवणे शहाणपणाचे.

अशुद्धी किती घात करू शकते याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. एचआयव्हीवरच्या लसीच्या चाचण्यांत वापरायच्या बाजारी पेप्टाइडांत सायटोमेगॅलोव्हायरसच्या पेप्टाइडाचा अंश मिसळलेला होता. ज्यांना एचआयव्हीचा संसर्गच नव्हता त्यांच्या टी-पेशी त्या अंशाला प्रतिसाद देत होत्या. २००८ साली हे प्रसिद्ध झाले. सायटोमेगॅलोव्हायरस बहुसंख्य माणसांना कधी ना कधी भेटलेला असतोच, त्यामुळे लस प्रभावी ठरल्याचा भास सहज झाला असता.

पेप्टाइड दूर जाऊ शकते ते गोठवून वाळवल्यामुळे. द्रावण गोठवतात आणि हवेचा दाब इतका कमी करतात की बर्फ वितळण्याऐवजी थेट वाफ होऊन निघून जातो. मागे कोरडी, सच्छिद्र पूड उरते. पाणी नसल्यामुळे साखळी तोडणाऱ्या क्रिया जवळपास थांबतात. अशी पूड बहुधा काही दिवस साध्या तापमानातही सुखरूप राहते, म्हणून कितीतरी कुप्या साध्या पाकिटात कुरियरने जातात. सिस्टीन, मेथिओनिन किंवा ट्रिप्टोफॅन असलेली पेप्टाइडे मात्र हवेतल्या ऑक्सिजनने बिघडतात, आणि अल्झायमरच्या अभ्यासातले ४२ आम्लांचे बीटा-अॅमिलॉइड एकमेकांना चिकटून गोळा होते. द्रावणातली पेप्टाइडे तर कोरड्या बर्फातच पाठवावी लागतात. कोरडा बर्फ उणे ७८.५ अंशांना असतो. त्याच्या एका किलोपासून पाचशे लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणून थर्माकोलचा डबा कधीही हवाबंद करायचा नाही. विमानात तो यूएन १८४५ या क्रमांकाखाली धोकादायक माल म्हणून जातो आणि बर्फाचे वजन डब्यावर लिहावे लागते.

युरोपच्या नकाशात या व्यवसायाची ठाणी सहज सापडतात. बाखेम ही कंपनी १९७१मध्ये स्वित्झर्लंडच्या लीस्टालमध्ये सुरू झाली. तिचे मुख्य ठाणे आता शेजारच्या बुबेनडॉर्फ गावात आहे. पॉलिपेप्टाइड समूहाचे कारखाने स्वीडनच्या माल्मोत, बेल्जियमच्या ब्रेन-लालूमध्ये आणि फ्रान्सच्या स्ट्रासबर्गमध्ये आहेत, आणि एक आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या अंबरनाथलाही आहे. स्ट्रासबर्गहून हेलसिंकीला जाणाऱ्या कुपीला वाटेत कस्टम्स लागत नाही. बुबेनडॉर्फहून जर्मनीतल्या फ्रायबुर्गला जाणाऱ्या कुपीला मात्र लागते, कारण स्वित्झर्लंड युरोपीय संघाच्या सीमाशुल्क क्षेत्राबाहेर आहे. १ जानेवारी २०२१पासून ब्रिटनहून येणाऱ्या मालालाही हीच प्रक्रिया लागू झाली.

इथे कागदांची कामगिरी सुरू होते. बिलावर रेणूचे नाव, वजन, वर्गीकरण क्रमांक, खरी किंमत आणि आयात करणाऱ्या संस्थेचा ईओआरआय नोंदणी क्रमांक हवा. सोबत ‘पूर्णपणे कृत्रिम, प्राणिजन्य नाही, संसर्गजन्य नाही’ असे निवेदन असले तर पशुवैद्यकीय तपासणीचा प्रश्न उद्भवत नाही. संघाच्या रीच या रसायन नियमावलीनुसार वर्षाला एक टनाच्या आतल्या रसायनाची नोंदणी लागत नाही, त्यामुळे मिलिग्रॅमचा व्यवहार मोकळा राहतो. काही पेप्टाइडांवर मात्र निर्यातीचे कडक नियंत्रण आहे. समुद्री शंखगोगलगायींची कोनोटॉक्सिने अशा यादीत आहेत. ती मज्जासंस्थेच्या अभ्यासाला अमोल आहेत आणि तितकीच घातकही.

याच साहित्याची दुसरी, चिंतेची बाजारपेठही आहे. ‘केवळ संशोधनासाठी’ असा शिक्का मारून व्यायामशाळेत जाणाऱ्यांना किंवा वजन घटवू पाहणाऱ्यांना कुप्या विकल्या जातात. संघाच्या २००१च्या औषध निर्देशानुसार औषध म्हणून मांडलेली वा शरीरावर औषधासारखी क्रिया करण्यासाठी दिलेली वस्तू औषधच ठरते, शिक्का काहीही असो. बीपीसी-१५७ हे पेप्टाइड तर २०२२पासून जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या प्रतिबंधित यादीत नावाने आहे. संशोधनासाठीच्या कुपीची निर्जंतुकता आणि जिवाणूंची विषारी द्रव्ये माणसाला टोचण्याच्या निकषांवर तपासलेली नसतात. ती शरीरात घेणे हा जिवाशी खेळ आहे.

कुपी प्रयोगशाळेत पोहोचल्यावर ती उणे वीस अंशांना किंवा त्याहून खाली ठेवतात. वापरायच्या दिवशी बाहेर काढताच झाकण उघडायचे नाही. थंड तांब्यावर पाणी जमते तशी हवेतली वाफ पुडीवर जमते आणि वाळवण्याची सगळी मेहनत फुकट जाते. म्हणून शोषक पदार्थ ठेवलेल्या बंद भांड्यात ती आधी खोलीच्या तापमानाला आणतात, कुपी हलकेच फिरवून पूड तळाशी बसवतात आणि मगच उघडतात. द्रावण केले की त्याचे लहान लहान वाटे करून गोठवतात, कारण पुन्हा पुन्हा वितळवण्याने पेप्टाइड खराब होते. काटेकोर प्रयोगशाळा त्यातला एक वाटा अमिनो आम्लांच्या विश्लेषणाला देतात. प्रमाणपत्रावरचा आकडा आणि हातात आलेला आकडा जुळला, की त्या गठ्ठ्याचा क्रमांक प्रयोगाच्या वहीत चढतो. पुढे शोधनिबंध लिहिताना, किंवा दुसऱ्या देशातल्या कुणी तोच प्रयोग करून पाहताना, नेमकी कोणती पूड वापरली होती हे त्याच क्रमांकावरून शोधता येते.