म्हाळ झाला की इटली!

ऑफिसात सुट्टीचं प्लॅनिंग करणाऱ्यांचे सरळ दोन गट असतात. एक गणपतीला गावी जाऊन लीव्ह संपवून बसतो, दुसरा दिवाळीला जोडून सुट्टी मागतो आणि बॉसची नकारघंटा ऐकतो. या दोघांच्या मधोमध एक पंधरवडा असतो, ज्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. पितृपंधरवडा! नव्या गाडीची डिलिव्हरी नाही, फ्लॅटचं बुकिंग नाही, साखरपुडा नाही. ऑफिसात सगळे हजर, त्यामुळे रजेला स्पर्धाही नाही. आणि मंडळी, नेमक्या याच दिवसांत इटलीचा किनारा वर्षातल्या सगळ्यात छान मूडमध्ये असतो.

का, ते आधी सांगते. ऑगस्टमध्ये सगळी इटली एकदम सुट्टीवर निघते. १५ ऑगस्टचा फेरागोस्तो हा त्यांचा मोठा सण. त्या सुमारास किनाऱ्यावर टॉवेल पसरायलाही जागा नसते आणि हॉटेलचे दर आभाळाला टेकलेले असतात. सप्टेंबरच्या मध्यावर तिथल्या शाळा उघडतात आणि गर्दी ओसरू लागते. समुद्र मात्र अख्खा उन्हाळा तापलेला, त्यामुळे सप्टेंबरातलं पाणी जूनपेक्षा कोमट. ऊन आहे, पण डोकं भाजत नाही. डोंगरउतारावर द्राक्षांची तोडणी चालू. पुढे ऑक्टोबर सरत आला की पाऊस झोडपायला लागतो. म्हणजे खिडकी फार तर तीन-चार आठवड्यांची!

२०२६ चं कॅलेंडर उघडून बघा. अनंत चतुर्दशी शुक्रवारी, २५ सप्टेंबरला. घटस्थापना रविवारी, ११ ऑक्टोबरला. मधे २ ऑक्टोबरचा शुक्रवार. फक्त चार दिवस रजा टाकलीत तर २६ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर असे सलग नऊ दिवस तुमचे. एचआरला कळायच्या आत अर्ज टाका!

माझी गोष्ट थोडी वेगळी आहे. मी फ्रीलान्सर, त्यामुळे रजेचा प्रश्नच नाही (पगाराचाही नाही, पण ते असो). माझा प्रश्न आहे आई. ती माळशिरसला असते, आणि या ट्रिपला माझ्याबरोबर तीच येणार आहे.

कॅलेंडर आईचं

माळशिरसात सुट्टी ही संकल्पनाच नसते. शेताचं वेळापत्रक असतं. आडसाली उसाची लावण जुलै-ऑगस्टमध्ये होऊन गेलेली, कारखान्यांचे बॉयलर पेटायला अजून अवकाश, ज्वारीची पेरणी पावसाच्या मर्जीवर. सोलापूर जिल्ह्यात सप्टेंबर हाच खरा पावसाचा महिना, त्यामुळे या दिवसांत घर सोडायचं म्हणजे आईच्या मते गुन्हाच. भावाने पेरणीची जबाबदारी घेतली, तेव्हा कुठे तो मुद्दा निकालात निघाला.

दुसरा मुद्दा मात्र निघणारा नव्हता. बाबांची तिथी वद्य तृतीया. “म्हाळ घातल्याबिगर मी हलायची न्हाई,” असं आईने फोनवर एका वाक्यात सांगितलं. आणि घट बसायच्या आत घरी, हेही त्याच वाक्यात. नऊ दिवसांचे उपवास ती घरीच करते.

मग मी उलटीकडून हिशेब मांडला. महिनाअखेरीस म्हाळ उरकला की दुसऱ्या दिवशी निघायचं, ९ ऑक्टोबरला परत यायचं. जाण्यायेण्याचे दिवस वजा केले तर किनाऱ्यावर सात रात्री. मधे वद्य एकादशी येते, म्हणजे एक दिवस उपासाचा. मैत्रिणी म्हणाल्या, इतक्या अटी असतील तर डिसेंबरात सरळ दुबई कर ना! पण डिसेंबरात ऊसतोड असते. आणि खरं सांगायचं तर घाईचं कारण वेगळंच आहे. आई अनेक वर्षं माउलींच्या पालखीबरोबर आळंदीपासून चालायची. २०२५ च्या आषाढात मात्र ती फक्त नातेपुत्यापासून वेळापूरपर्यंत चालली. डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं, सपाटीला हव्या तितक्या चाला, उतार जपून. उद्या “सपाटीलाही जपून” म्हणाले, तर?

अमाल्फी की चिंक्वे तेर्रे?

इटलीचा किनारा म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे अमाल्फीच येतो. कड्याला चिकटलेली रंगीत घरं, पोझितानो, लिंबांचे मळे. फोटो बघून मीही तिथेच अडकले होते. पण कागद-पेन घेऊन बसले आणि चित्र बदललं. अमाल्फीचा सगळा भार एका अरुंद, वळणावळणांच्या रस्त्यावर. तिथली ट्रॅफिक इतकी की २०२२ पासून सीझनमध्ये बाहेरून येणाऱ्या गाड्यांना सम-विषम नंबर प्लेटचा नियम लागू केला. बसमध्ये उभं राहून वळणं झेलायची, नाहीतर टॅक्सीला सोन्याच्या भावाने पैसे मोजायचे. हनिमूनला ठीक आहे हो! आईला बस लागते.

त्यामुळे मी बोट वर सरकवलं, उत्तरेकडच्या लिगुरियाकडे. चिंक्वे तेर्रे म्हणजे शब्दशः पाच भूमी. मोन्तेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निलिया, मानारोला, रिओमाज्जोरे ही समुद्राकाठची पाच चिमुकली गावं, १९९७ पासून युनेस्कोच्या यादीत. खरी मजा म्हणजे पाचही गावं रेल्वेने जोडलेली आहेत. सीझनमध्ये दर पंधरा-वीस मिनिटांनी लोकल, दोन गावांमधलं अंतर जेमतेम पाच मिनिटांचं. चिंक्वे तेर्रे कार्डचा रेल्वेवाला प्रकार घेतला की दिवसभर हवं तिथे चढा-उतरा, शिवाय पायवाटांचं तिकीटही त्यातच. मुक्काम पाचपैकी एका गावात न करता बाजूच्या ला स्पेत्सियात करा. साधं कामकरी, बंदराचं शहर आहे. खोली स्वस्त पडते आणि बॅगा घेऊन जिने चढावे लागत नाहीत. मिलानहून थेट गाडीने ला स्पेत्सिया तीनेक तास, पिसाहून तासाभराच्या आसपास.

पायवाटा हा आईचा प्रांत. मोन्तेरोस्सो ते वेर्नात्सा जेमतेम साडेतीन किलोमीटर, पण दोन तास लागतात, कारण चढ-उतार फार. तो आम्ही गाळणार. रिओमाज्जोरे ते मानारोला ही ‘प्रेमाची वाट’ मात्र किलोमीटरभराच्या आतली आणि जवळजवळ सपाट. सप्टेंबर २०१२ मध्ये दरड कोसळून ती बंद झाली आणि तब्बल बारा वर्षांनी, २०२४ च्या उन्हाळ्यात, पुन्हा उघडली. तिला ठरावीक वेळेचं वेगळं बुकिंग लागतं. कोर्निलिया हे गाव तर उंच कड्यावर. स्टेशनपासून वर जायला पावणेचारशेच्या वर पायऱ्या. हे ऐकून आई घाबरली नाही. “शिंगणापूरपेक्षा जास्ती हायत का?” एवढंच तिने विचारलं. चैत्रात मुंगी घाटातून खांद्यावर कावडी घेऊन चढणारी माणसं जिने बघितली आहेत, तिला काय सांगणार!

आणि हो, चपलांचं. वारीभर चपलांवर चालणाऱ्या बाईला स्पोर्ट्स शूज घ्यायला लावणं सोपं नव्हतं. पण २०१९ पासून तिथे पायवाटांवर सपाता किंवा तसलंच काही घालून फिरणाऱ्यांना ५० ते २५०० युरो दंड आहे. हा आकडा मी रुपयांत करून सांगितला आणि बुटांचा विषय मिटला. यंदाच्या आषाढात ती ते बूट माळशिरसच्या मुक्कामापासून पायात घालून मोडून काढणार आहे. सहावारी साडी, खाली पांढरे बूट. तुम्ही हसाल, पण कोऱ्या बुटांनी परदेशी गेलेल्यांचे फोड मी पाहिलेत.

कागदांचं लग्न

आता रटाळ भाग, पण ट्रिप इथेच बनते किंवा बिघडते. आईचा पासपोर्टच नव्हता. सोलापूर जिल्हा पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या हद्दीत येतो. साध्या पासपोर्टची फी १५०० रुपये. फीपेक्षा नावाने जास्त घाम काढला. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर बाबांचं नाव मधे, पॅनवर भलतंच स्पेलिंग. आपल्याकडच्या बहुतेक आयांचं असंच असतं. तेव्हा आई-वडिलांना न्यायचं असेल तर तिकिटांच्या ऑफर बघण्याआधी त्यांचे कागद एका टेबलावर मांडून बघा. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, सगळीकडे तेच स्पेलिंग हवं.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो. पण १५ दिवसांवर विसंबू नका. सप्टेंबरचा प्रवास असेल तर जून गाठायचाच. जून २०२४ पासून मोठ्या माणसाची फी ९० युरो आहे, केंद्राचे पैसे वेगळे. किमान ३०,००० युरोंचं कव्हर असलेला मेडिकल इन्शुरन्स सक्तीचा. तिकीट, हॉटेल, बँकेचं स्टेटमेंट हे आलंच. नोकरदारांना सॅलरी स्लिप आणि रजेचं पत्र पुरतं. माझ्यासारख्या फ्रीलान्सरने इन्कम टॅक्स रिटर्नची फाइल नीट ठेवलेली बरी. आईचं उत्पन्न शेतीचं, म्हणजे रिटर्नच नाही. तिचा खर्च मी करतेय असं पत्र, नात्याचा पुरावा आणि जोडीला सातबारा-आठ अ चे उतारे भाषांतर करून लावायचे. परत यायला काहीतरी कारण आहे, हे कागदावर दिसावं लागतं. ते तर तिच्याकडे एकरांत मोजण्याइतकं आहे!

बोटांच्या ठशांसाठी अर्जदाराला स्वतः केंद्रात जावं लागतं, म्हणजे आईचीही एक मुंबईवारी. उभा जन्म खुरपं धरलेल्या बोटांचे ठसे मशीनवर सहजी उमटत नाहीत. रेशन दुकानात हा तमाशा दर महिन्याला होतो. त्यासाठी हाताशी जादा वेळ ठेवलाय. शिवाय १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवरही ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. विमान बदलताना दोन फ्लाइट्समध्ये तासाभराचं अंतर ठेवून पैसे वाचवायच्या भानगडीत पडू नका.

तुळशीची चटणी?

लिगुरिया शाकाहाऱ्यांसाठी वरदान आहे, हे कुणी फारसं सांगत नाही. फोकाच्चा म्हणजे ऑलिव्ह तेलात न्हालेला जाड पाव. फारिनाता तर चक्क बेसन, पाणी, तेल आणि मीठ यांचं भट्टीत भाजलेलं धिरडं! आणि पेस्तो, म्हणजे बेसिलची पानं, लसूण, चिलगोज्याच्या जातीचे दाणे, चीज आणि तेल यांची चटणी. मी उत्साहाने “तुळशीच्या जातीची” असं म्हणाले आणि गळ्यात तुळशीची माळ असलेल्या आईचा चेहराच उतरला. वनस्पतिशास्त्र मदतीला आलं. बेसिल म्हणजे ज्याचं बी आपण सब्जा म्हणून फालुद्यात घालतो ते झाड, तुळस वेगळी. पार्मेझानमध्ये मात्र वासराच्या पोटातलं रेनेट असतं, त्यामुळे काटेकोर मंडळींनी चीज नको असं आधीच सांगावं. एकादशीला फळं, उकडलेले बटाटे आणि घरून नेलेली भगर. मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपात सोबत नेता येत नाहीत, तेव्हा तुपाची बरणी आणि पेढे घरीच. शेंगदाण्याची चटणी चालते. ती दोन किलो असणार, यावर वाद घालून उपयोग नाही.

युरो शंभरीच्या आसपास खेळतोय, तेव्हा दोन वेळा रेस्तराँमध्ये बसणं परवडणार नाही. बसलात की खाण्याआधीच माणशी दोन-तीन युरो ‘कोपेर्तो’ बिलात चढतो. फोकाच्चा बांधून घ्या आणि धक्क्यावर बसा.

पावसाचं विसरू नका. २५ ऑक्टोबर २०११ ला काही तासांच्या पावसात वेर्नात्सा आणि मोन्तेरोस्सो चिखलाखाली गेली, माणसं दगावली. डोंगरउतारावर हजारेक वर्षं रचलेल्या दगडी ताली हे त्यामागचं एक दुखणं. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. त्या तालींवरच द्राक्षं होतात. तरुण पोरं शहरात गेली, द्राक्षबागा ओस पडल्या, ताली ढासळल्या आणि माती सुटली. अशा भिंती रचायच्या कलेला २०१८ मध्ये युनेस्कोने वारसा म्हटलं. आईला सगळ्या प्लॅनमध्ये याच गोष्टीत रस आहे. ताल फुटली तर कोण घालतं, मजुरी काय, द्राक्षं खालून वर कशी आणतात? (चिमुकल्या मोनोरेलवरून!) तिथेही बेदाण्यासारखी द्राक्षं वाळवतात, पण त्यांची गोड वाइन करतात, हे मात्र तिला नासाडी वाटते.

हवामान खात्याचा इशारा आला की तिथे पायवाटा बंद होतात. त्यामुळे सातपैकी दोन दिवस मी मुद्दाम मोकळे ठेवलेत. पाऊस आला तर एक दिवस जेनोव्हा, एक दिवस पिसा.

कोर्निलियाच्या त्या पायऱ्यांचं म्हणाल तर स्टेशनवरून गावात शटल बस जाते आणि ती कार्डातच येते. मी हे आईला अजून सांगितलेलं नाही. चढताना ती चढेल. उतरताना बस.