मोठ्या मापाचा रणगाडा – लेखांक १ : कोणता आणि केवढा

रणगाड्याचं मोठं मॉडेल बांधायचं मनात आलं की पाय आधी बाजाराकडे वळतात. प्लायवूड, पत्रा, मोटारी, बॅटरी घरात येऊन पडतात आणि बांधायचं काय, केवढं, हे मात्र ठरलेलं नसतं. मग महिन्याभरात चाकं एका मापाची आणि पेटी दुसऱ्याच मापाची होते. या लेखमालेत आपण आधी कागदावर दोन निर्णय पक्के करणार आहोत. लोखंडाला हात त्यानंतर.

आपल्या लातूर-नांदेड भागात रणगाडा निवडताना १९४८चा सप्टेंबर आठवल्याशिवाय राहत नाही. १३ सप्टेंबरला मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या नेतृत्वाखाली भारतीय सैन्य सोलापूरकडून हैदराबाद संस्थानात शिरलं. नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती लागला. चिलखती तुकड्या जळकोटवरून (लातूर जिल्ह्यातलं नव्हे, नळदुर्गशेजारचं) त्याच दिवशी दुपारी उमरग्याला पोचल्या. तुळजापूरवर गेलेल्या तुकडीत थर्ड कॅव्हलरी होती. तिथून लोहाऱ्याकडे निघालेली चाल नदीच्या पुराने अडवली. त्या काळी आपल्या सैन्याकडे शर्मन आणि स्टुअर्ट हे दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकी रणगाडे होते. म्हणून लातूर-नांदेडच्या माणसाने शर्मन बांधावा, असं कुणी म्हटलं तर ते मला पटेल.

तरीही पहिल्या कामासाठी मी सेंच्युरियन हा रणगाडा सुचवतो. त्याची दोन कारणं आहेत.

पहिलं कारण माणसांचं. लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर मुळात हैदराबाद संस्थानच्या सैन्यातले अधिकारी. ज्या संस्थानात तेव्हा नांदेड होतं, लातूर होतं, त्याच संस्थानचे. विलीनीकरणानंतर ते पूना हॉर्समध्ये आले आणि १९६५च्या युद्धात फिलोराच्या लढाईत त्यांनी सेंच्युरियनवरून रेजिमेंटचं नेतृत्व केलं. १६ सप्टेंबर १९६५ला ते धारातीर्थी पडले. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. त्याच रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल पुण्यात जन्मलेले. १६ डिसेंबर १९७१ला बसंतरच्या रणात त्यांना वीरमरण आलं तेव्हा ते २१ वर्षांचे होते. त्यांच्या सेंच्युरियनचं नाव होतं ‘फामागुस्ता’. तुळजापूरला आलेली थर्ड कॅव्हलरीही १९६५मध्ये असल उत्तरला सेंच्युरियनवरूनच पॅटन रणगाड्यांशी लढली. ज्याच्यावर वर्ष-दोन वर्षं रोज संध्याकाळी घाम गाळायचा, त्या यंत्राशी आपलं काही नातं असावं, असं मला मनापासून वाटतं. मधल्या कंटाळ्याच्या महिन्यांत तेच नातं काम पुढे नेतं.

दुसरं कारण हाताचं. सेंच्युरियनला एका बाजूला सहा चाकं असतात आणि ती दोन-दोनच्या जोडीने एका बोगीवर बसवलेली असतात. म्हणजे एका बाजूला तीन बोग्या, दोन्हीकडच्या मिळून सहा. प्रत्येक बोगीत दोन आडव्या हातांच्या टोकांना चाकं आणि मध्ये आडवी स्प्रिंग. ही अख्खी जुळणी पेटीच्या बाहेरून बोल्टने आवळलेली. बऱ्याच रणगाड्यांत पीळ खाणारे दांडे पेटीच्या तळातून आरपार जातात. तिथे भोकांची रांग अर्ध्या मिलिमीटरने चुकली तरी चाकं वाकडी बसतात. सेंच्युरियनमध्ये बोगी बिघडली तर ती सोडवायची, लेथवर नवा भाग करून आणायचा आणि परत बसवायची. एक बोगी नीट जमली की उरलेल्या पाच तशाच करायच्या असतात. नवशिक्याला याहून सोयीची रचना मला दुसरी दिसत नाही.

आता केवढा, ते ठरवू. सेंच्युरियनची पेटी सुमारे ७.६ मीटर लांब, रुंदी ३.३९ मीटर, उंची ३ मीटर आणि वजन ५० टनांच्या वर. ही रुंदी बाजूच्या झडपांच्या पत्र्यांसकट आहे, हे ध्यानात ठेवा. पुस्तकातली रुंदी जशीच्या तशी पेटीला लावली की पट्ट्यांना जागाच उरत नाही. एकास सोळा प्रमाणात पेटी ४७-४८ सेंटिमीटरची होते. ती टेबलावर मावते, पण तिची पट्ट्याची कडी इतकी बारीक की आपल्याकडच्या लेथवाल्याला ती करून मागणं अवघड. एकास चार घेतला तर रुंदी ८५ सेंटिमीटर. अनेक घरांच्या आतल्या दारातून तो निघणारच नाही. म्हणून आपण एकास सहा घेऊ : पेटी १.२७ मीटर, रुंदी साडेछप्पन्न सेंटिमीटर, उंची ५० सेंटिमीटर. नळीसकट लांबी मात्र साडेपाच फुटांच्या आसपास जाते, म्हणून फिरता बुरूज उचलून वेगळा काढता आलाच पाहिजे. खऱ्या सैन्यानेही हे केलं आहे: १९४८मध्ये सेव्हन्थ कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे झोजी खिंडीच्या लढाईसाठी श्रीनगरला नेताना गुप्तता राखण्यासाठी बुरूज उतरवले होते.

वजनाचं गणित बहुतेकांना चकवतं. लांबी सहापट घटली की वजन सहापट घटत नाही, ते सहाच्या घनाने, म्हणजे २१६ पटीने घटतं. ५२ टनांचा रणगाडा हुबेहूब त्याच जाडीच्या हिशेबाने पोलादात केला तर २४० किलो भरेल. एवढं ओझं ना उचलवेल, ना साध्या मोटारींना ओढवेल. म्हणून तळाची पेटी दोन मिलिमीटर पत्र्याची, वरचा भाग प्लायवूडचा ठेवायचा आणि सगळं मिळून ६० किलोच्या आत बसवायचं. वेगाचं गणित सोपं आहे. सेंच्युरियन ताशी ३४ किलोमीटर धावायचा. त्याचा सहावा भाग म्हणजे माणसाची चाल. त्याहून जास्त पळवलं तर ते खेळणं दिसतं.

थ्रीडी प्रिंटरवर भाग करणाऱ्यांना एक सूचना. स्वस्तातलं पीएलए प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पत्र्याच्या शेडमध्ये, उन्हात ठेवलेल्या गडद हिरव्या रंगाच्या भागाचे काय हाल होतील, ते सांगायला नको. चाकं आणि कड्या तरी त्यातून करू नका. एमआयडीसीतले लेथ, पत्रा कापणारे, ट्रॅक्टरची कामं करणारे मेकॅनिक, हे आपलं खरं भांडवल आहे. लातूरच्या पुरणमल लाहोटी तंत्रनिकेतनात किंवा नांदेडच्या विष्णुपुरीतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणारा कुणी ओळखीचा असेल तर त्याला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. गणेशोत्सवातले हलते देखावे बांधणाऱ्या कारागिरालाही विचारा. वायपरच्या मोटारीकडून काम कसं काढायचं, ते त्याला पाठ असतं.

मापं घ्यायला अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय जवळ आहे. आर्मर्ड कोअरने १९९४मध्ये ते सुरू केलं. जुने रणगाडे तिथे एका आवारात पाहता येतात. छायाचित्रांबाबत तिथले नियम आधी विचारून घ्या. परवानगी नसेल तर वहीत रेखाटनं करा. बोगीचा हात पेटीला कुठे टेकतो, झडपा कशाने अडकवल्या आहेत, पुढचा पत्रा कुठल्या कोनात उतरतो, हे डोळ्यांनी बघून हाताने काढलं की कायमचं लक्षात राहतं. एकास पस्तीसचा प्लास्टिकचा किट मिळाला तर तोही जवळ ठेवा. नकाशात न कळणारा कोपरा त्यात फिरवून बघता येतो.

या आठवड्याचं काम एवढंच : फ्रिजच्या किंवा कूलरच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन पेटी, बुरूज आणि नळी एकास सहाच्या पूर्ण मापात कापा, चिकटवा आणि घराच्या प्रत्येक दारातून नेऊन बघा. दोन पट्ट्यांमधलं अंतर आणि जमिनीपासून पेटीच्या तळाची उंची वहीत टिपून ठेवा. पुढच्या आठवड्यात पहिली बोगी बांधायला घेऊ, तेव्हा हे दोन आकडे हाताशी लागतील.