एक सूर, दोन भोंगे

भजनात पेटीसोबत आता कीबोर्डही दिसतो. पेटीत भात्याची हवा रीड हलवते. कीबोर्डात ना भाता, ना रीड. मग सूर येतो कुठून?

आजचे बरेचसे कीबोर्ड आत साठवलेले आवाज वाजवतात. त्यांच्या आधीचं यंत्र म्हणजे ॲनालॉग सिंथेसायझर. तो विजेपासून सूर घडवतो. मॉड्युलर प्रकारात वेगवेगळे डबे असतात आणि ते वायरींनी हवे तसे जोडायचे. सूर काढणाऱ्या डब्याला ऑसिलेटर म्हणतात.

नळाखाली एक लोटा आहे, भरला की आपोआप उलटतो आणि परत भरू लागतो, असं समजा. धार बारीक तर सावकाश, मोठी तर पटापट. ऑसिलेटरात लोट्याच्या जागी कंडेन्सर असतो. आपल्या पंख्यात असतो त्याच जातीचा. तो विजेनं भरतो, रिकामा होतो, परत भरतो. सेकंदाला २२० वेळा झालं की एक सूर, ४४० वेळा झालं की तोच सूर वरच्या सप्तकात. बहुतेक मॉड्युलर यंत्रांत एक व्होल्ट वाढवला की सूर बरोबर एक सप्तक चढतो.

असं मॉड्युलर यंत्र १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आलं. पखवाज वाजवणाऱ्या गीता साराभाईंनी त्यावर रचना केल्या. पखवाज हाती घेणाऱ्या पहिल्या काही बायांपैकी त्या एक, म्हणून नाव मुद्दाम सांगतो.

आता खरी गंमत. दोन ऑसिलेटर घ्या, एक २२० वर, दुसरा २२२ वर. एकत्र वाजवले की आवाज सेकंदाला दोनदा फुगतो आणि ओसरतो. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा किंचित उतरल्या की अशीच लहर येते. स्टिरिओत एक सूर डाव्या भोंग्याला देतात, दुसरा उजव्या. एकेक भोंगा ऐकला तर सूर साधा, स्थिर. मधे बसलं की आवाज रुंद होतो, इकडून तिकडे फिरल्यासारखा वाटतो. तुमच्या रेडिओला एकच भोंगा असेल तर लहर ऐकू येईल, फिरणं नाही.

वऱ्हाडच्या उन्हाला मात्र हे यंत्र भितं. आतले भाग तापले की सूर सरकतो. म्हणून आधी थोडा वेळ चालू ठेवायचं, मग सूर लावायचा.

मंडळानं वर्गणीतून साउंड भाड्यानं आणला की एवढं पाहा. कीबोर्डाच्या मागं डावं आणि उजवं अशी दोन भोकं असतात. एकच वायर लावायची असेल, तर ‘मोनो’ लिहिलेल्या भोकात लावायला सांगा. बहुधा ते डावं असतं. तिथं दोन्ही आवाज एकत्र होऊन येतात. नुसत्या उजव्यात लावली तर अर्धा आवाज आतच राहतो, आणि भाडं पूर्ण द्यावं लागतं.